करवीरनगरीत चार दिवस

आंबा घाट चढून एस.टी. मलकापूरच्या वाटेस लागली, म्हणजे आम्हा कोकणवासीयांस आपण परमुलखात आलो असे वाटू लागते. घाटाखाली पोफळीची आगरे आणि चिऱ्यांचे गडगे. वर आले की काळी जमीन, उसाचे फड, आणि गुऱ्हाळाच्या काहिलीतून येणारा ऊन रसाचा वास. हा प्रवास मी आजवर वीसपंचवीस वेळा तरी केला असेन. बहुतेक वेळा अंबाबाईच्या दर्शनास, दोनदा सोयरिकीच्या बोलण्यास, आणि एकदा दाढ काढण्यास. परंतु यंदाच्या पौषात, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, जो योग आला त्याची हकीकत वाचकांस सांगावी की न सांगावी ह्याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत होतो. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये असा आमच्याकडचा शिरस्ता. तथापि ती केवळ आमच्याच घरची असती, तर मी ती सांगितली नसती.

आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू, मी, आमची मुले-सुना व नातवंडे मिळून घरात रोज चौदा पाने मांडली जातात. माझे शिक्षण म्हणाल, तर जुनी मॅट्रिक आणि पाठशाळेत घोकलेले संस्कृत. तेवढ्या पुंजीवर जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांतून सदतीस वर्षे मुलांस बाराखड्या शिकविल्या. थोरल्या बंधूंची नात गेल्या आषाढात कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या वरच्या वर्गास गेली. पोर हुशार, पण घर सोडून कधी राहिलेली नव्हती. तेव्हा तिळगुळाचे लाडू आणि गूळपोळ्या घेऊन तिला भेटून येण्याचे काम, रिकामा मनुष्य म्हणून, मजकडे आले. वहिनींनी डबे भरताना चारचारदा बजावले, "भावोजी, तिला सांगा, कुणाच्या ताटाला ताट लावू नकोस म्हणावं. तिथं कोण कुठल्या मुली असतात, आपल्याला काय ठाऊक!" मी मान डोलाविली. वहिनी ह्या घरात आल्या तेव्हापासून त्यांच्या ह्या वाक्यास मी मान डोलावीत आलो आहे.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे एक आप्त असतात, त्यांच्याकडे उतरलो. दुसरे दिवशी पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाऊन आलो. नदीचे पाणी पूर्वीसारखे राहिले नाही, पण दगडी पायऱ्यांवर थंडीत उभे राहिले असता अजून मन निवते. वैदिक मंत्र कोणासाठी म्हणावयाचे आणि कोणासाठी पुराणोक्तावर भागवावयाचे, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच घाटावर शाहू छत्रपतींच्या स्नानप्रसंगी उपस्थित झाला, हे वाचकांस ठाऊकच आहे. ज्याचे अन्न खावयाचे त्याच्याच कानावर वेदमंत्र पडू द्यावयाचा नाही, असा तो प्रकार. पाठशाळेत असताना मी ह्या वादात शास्त्रार्थ कसा बिनतोड होता हे मोठ्या हिरिरीने सांगत असे. आता सांगत नाही.

देवीचे दर्शन घेऊन भवानी मंडपाकडे वळलो. त्यास लागूनच ज्यास लोक मेन राजाराम म्हणतात ती शाळा. राजाराम कॉलेजही येथेच वाढले. १८८० साली कॉलेजचे वर्ग निघाले आणि संस्थानातील मुलांस वरच्या शिक्षणाची वाट गावातच खुली झाली. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ ह्या कॉलेजात होते. पुढे माधव जूलियन, ना. सी. फडके ह्यांनी येथे अध्यापन केले. कॉलेज आता गावाबाहेर विद्यापीठाच्या बाजूस आहे. शाळेच्या फाटकापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. जुन्या शाळामास्तरास शाळेच्या फाटकावरून नुसते पुढे जाता येत नाही.

विद्यापीठ शहराच्या एका टोकास माळावर आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात त्याची स्थापना झाली. समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, मागे लांबवर पसरलेल्या इमारती, आणि ज्या रस्त्याने जावे तिकडे पाठीवर पिशव्या टाकलेल्या मुली. ह्या मुलींपैकी निम्म्याअधिक जणींच्या आज्या निरक्षर असतील हे मनात आले, आणि मास्तरकी केल्याचे सार्थक वाटले.

मुलींच्या वसतिगृहात पुरुषमाणसास आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बाहेर झाडाखाली कट्ट्यावर बसलो. नात आली. तिच्या बरोबर तिच्या खोलीत राहणारी मुलगीही आली. ती गडहिंग्लजकडची, वडील साखर कारखान्यात कामास. गुणांत ती आमच्या नातीच्या वर, असे नातीनेच मोकळेपणी सांगितले. त्या मुलीचे नाव-आडनाव मी येथे देत नाही. मी ते विचारलेही नव्हते. आमच्या नातीने मात्र पहिल्याच दिवशी विचारले होते, हे मागाहून समजले.

मी डबा उघडला. नातीच्या हातावर दोन लाडू ठेवले आणि त्या मुलीकडे वळलो. तिने उजवा हात पुढे केला, मध्येच आवरला, काखेतल्या वहीचे एक पान फाडले, आणि ते द्रोणासारखे करून दोन्ही हातांनी पुढे धरले. "आजोबा, वरूनच टाका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. पंगतीत एखादा 'बेताचं वाढा' म्हणतो, तितक्या सहजपणे ती बोलली. लाडू माझ्या हातून कागदात पडला. मी तो टाकला, असे म्हणणेच खरे.

त्यानंतर त्या दोघी काय बोलत होत्या ह्याकडे माझे लक्ष नव्हते.

संध्याकाळी नातीस घेऊन रंकाळ्यावर गेलो. पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा, पाण्यावर बगळे, काठाने भेळेच्या गाड्या, तिला भेळ घेऊन दिली आणि विचारले, "ती मुलगी कागद का गं पुढे करीत होती?" नात प्रथम काही बोलेना. मग म्हणाली, "आजोबा, मी तिला वाईट असं काही बोलले नाही हो. पहिल्या आठवड्यात ती माझ्या बरणीतलं लोणचं घ्यायला लागली, तेव्हा 'आमच्यात चालत नाही' एवढंच म्हणाले. आजी म्हणते तसंच. तेव्हापासून ती माझ्या कशालाच हात लावत नाही. पाण्याची बाटलीसुद्धा तिच्या खाटेखाली ठेवते. मी काही दिलं तर कागदावर घेते. मला वाटलं, तिला तसंच बरं वाटत असेल."

'आमच्यात' आणि 'तुमच्यात'! ह्या दोन शब्दांवर कोणा व्याकरणकाराने टीका लिहिलेली नाही. रूपाने पाहिले तर साधी सर्वनामाची सप्तमी. परंतु त्यांत जितका अर्थ दडलेला आहे तितका मोठमोठ्या सामासिक शब्दांत नाही. 'तुमच्यात लग्नं कशी होतात?' 'आमच्यात कांदा चालत नाही.' 'तुमच्यात हे असंच असतं.' जातीचे नाव घ्यावयाचे नाही, शिवी तर नाहीच नाही, सभ्यपणास कोठे बाध येत नाही; आणि समोरचा मनुष्य आपल्या जागी जाऊन बसतो. आमच्या नातीने पुस्तकात अस्पृश्यतानिवारणाचा पाठ वाचला आहे, राज्यघटनेचे सतरावे कलम तिला पाठ आहे, आणि त्यावर तिने निबंध लिहून पारितोषिकही मिळविले आहे. ते पारितोषिक आमच्या दिवाणखान्यात आहे. लोणच्याची बरणी मात्र स्वयंपाकघरातून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण 'वरून टाकणे' मला नवीन नव्हते.

१९७२ साल. दुष्काळ पडला होता. मी पंधरा वर्षांचा होतो आणि घाटावरच्या एका गावी विद्यार्थिगृहात राहून पाठशाळेत जात असे. (गावाचे व संस्थेचे नाव घेत नाही, चालविणारी माणसे केव्हाच गेली, आणि दोष त्यांच्या एकट्यांच्या पदरी टाकण्याचा मला अधिकार नाही.) एका हायस्कुलातील संस्कृतच्या शिक्षकांनी शिफारस करून एक मुलगा पाठविला. आडनाव जोशी. तो आला, आमच्यात बसला, जेवला. त्याची वाणी इतकी शुद्ध की अमरकोशाचे वर्गच्या वर्ग तो न अडखळता म्हणे. शब्दरूपावलीत मी जेथे चुकत असे तेथे तो हळूच कोपराने ढोसून मला सुधारी. तिसऱ्या दिवशी कोणीतरी बातमी आणली की हे जोशी आपल्यातले नव्हेत, हे भटक्या जोश्यांपैकी. कोणी आरडाओरडा केला नाही. व्यवस्थापकांनी शांतपणे सांगितले, "त्याचं पान बाहेर पडवीत मांडा." त्या दिवशी वाढण्याची पाळी माझी होती. मी भाताचे पातेले घेऊन पडवीत गेलो. तो मांडी घालून बसला होता. त्याने वर पाहिले. मी हात उंच धरून, पळीचा त्याच्या ताटास स्पर्श होणार नाही अशा बेताने, वरून भात टाकला. भाताची काही शिते ताटाबाहेर पडली. ती त्याने एकेक उचलून ताटात घेतली. दुष्काळाचे दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची वळकटी दिसली नाही. तो कोठे गेला, पुढे शिकला की नाही, हे मी कधीही शोधून काढले नाही. शोधता आले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नातीस बरोबर घेऊन दसरा चौकात गेलो. ही जागा पाहिल्याखेरीज कोल्हापूर पाहिले असे म्हणू नये. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा आणि भोवताली विद्यार्थ्यांची वसतिगृहे, ज्यांस येथे अजून 'बोर्डिंग' असेच म्हणतात: मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग; आणखी कितीतरी जातींची वसतिगृहे गावात इतरत्र. ह्या गावास वसतिगृहांची जननी म्हणतात ते ह्यामुळे. नात फिरून फिरून पाट्या वाचीत होती. वाचून झाल्यावर तिने जो प्रश्न केला, तो करावा अशीच माझी इच्छा होती. "आजोबा, महाराज जर जात मानत नव्हते, तर त्यांनी प्रत्येक जातीचं बोर्डिंग वेगळं का काढलं? सगळ्यांना एकत्र का नाही ठेवलं?"

हा आक्षेप आपल्या घरांतून मी पुष्कळ वेळा ऐकला आहे. शाहू महाराजांनी जाती पक्क्या केल्या, असे म्हणण्यात आपल्याकडील सुशिक्षित मंडळींस एक समाधान वाटते. परंतु महाराजांनी प्रथम वसतिगृह काढले ते एकत्रच होते. राजाराम कॉलेजाच्या विद्यार्थ्यांसाठी १८९६ साली ते निघाले, आणि सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून निघाले. कारभार आपल्या लोकांच्या हाती होता. थोड्याच काळात तेथे आपलीच मुले तेवढी राहिली; इतरांस 'जागा नाही'. नियमाच्या वहीत कोणालाही बंदी नव्हती! महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा दरबारच्या एकाहत्तर अधिकाऱ्यांपैकी साठ आपले होते, हे लक्षात घेतले म्हणजे 'जागा नाही' ह्या दोन शब्दांचा अर्थ उलगडतो. तेव्हा महाराजांनी दुसरी वाट धरली. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग; १९०६ साली मुसलमान मुलांची सोय झाली; १९०८ साली अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या कन्येचे नाव त्यास दिले होते. एका पंगतीस बसू देत नाहीत, तर निदान उपाशी तरी राहू नयेत, असा तो हिशेब. वेगळी बोर्डिंगे हे महाराजांचे ध्येय नव्हते. ती आपल्या पंगतीने दिलेल्या उत्तरावरची तजवीज होती.

आणि पंगतभेद आपल्याच मिरासदारीचा होता असेही नव्हे. भाऊराव पाटील, जे पुढे कर्मवीर म्हणून विख्यात झाले, ते विद्यार्थिदशेत कोल्हापुरास जैन वसतिगृहात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, आणि परत आल्यावर स्नान केल्यावाचून भोजनगृहात यावयाचे नाही असे त्यांस सांगण्यात आले. माणसांत जाऊन आल्याबद्दल अंघोळ कशाची, म्हणून त्यांनी ती नाकारली, आणि त्यापायी त्यांस वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितलेले आहे. गंगाराम कांबळे हा राजवाड्यावरील नोकर. मराठ्यांच्या हौदास शिवला म्हणून त्याला बेदम मार बसला. महाराजांनी त्यास चहाचे दुकान घालून दिले आणि आपण स्वतः सरदार-मानकऱ्यांसह तेथे जाऊन चहा घेऊ लागले. महाराजांच्या देखत नाही कोण म्हणणार! तो चहा कित्येकांच्या घशाखाली कसा उतरला असेल ते अंबाबाईच जाणे. परंतु 'तेही असेच करीत होते' हे वाक्य मी नातीस सांगितले तेव्हाच मला कळले की, ह्या वाक्याने माझ्या पळीतला भात काही खाली येत नाही.

भाऊरावांनी मात्र वसतिगृहातून निघालेली ती अंघोळ आयुष्यभर विसरली नाही. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह, ज्यात महार, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण सर्व मुले एका चुलीवरचे एका पंगतीस जेवत. १९२७ साली महात्माजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले ते शाहू छत्रपतींच्या नावाने. त्या मुलांस घालावयास धान्य नव्हते तेव्हा लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी मंगळसूत्रही दिले. १८९६ सालच्या कोल्हापुरात जे फसले, ते अठ्ठावीस वर्षांनी साताऱ्यात सिद्धीस गेले. मध्ये काय बदलले होते? चूल सांभाळणारी माणसे.

नात ऐकत होती. मग म्हणाली, "पण आता तर सगळं एकत्रच आहे ना? आमची मेस एकच आहे."

तिला काय उत्तर द्यावे? शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९६२ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ नावाचा पहिला काळा विद्यार्थी दाखल झाला. त्या दंगलीत दोन माणसे मेली, सरकारला सैन्य आणावे लागले. विद्यापीठाचे दार उघडले. पण भोजनगृहात तो ज्या मेजापाशी बसे तेथून गोरी मुले उठून जात. सोवळे-ओवळे त्यांस कोणी शिकविले होते? आपल्याकडेही तेच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील स्थितीची चौकशी करण्यासाठी सुखदेव थोरात ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. राखीव जागांवर आलेली मुले छळास कंटाळून वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटली आहेत, असे समितीच्या २००७ सालच्या अहवालात आले. जळगावकडील तडवी समाजातली पायल तडवी डॉक्टर झाली आणि पुढच्या शिक्षणास मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात गेली. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहात आपले जीवन संपविले. वरिष्ठ सहाध्यायिनींनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला न्यायालयात गेला. तिच्या मातोश्री आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या मातोश्री अशा दोन आया त्याच वर्षी मिळून सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेल्या. आणि जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तील एका वसतिगृहाच्या भोजनगृहात 'येथे केवळ शाकाहाऱ्यांनी बसावे' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटविल्या गेल्या. मी स्वतः शाकाहारी आहे आणि मरेपर्यंत राहीन. माझ्या ताटात काय असावे हा माझा आचार. परंतु शेजारच्या ताटात काय आहे ह्यावरून शेजारी कोण बसावा हे ठरवू लागलो, म्हणजे पडवी फार लांब राहत नाही.

येथे एक गोष्ट वाचकांच्या रोषाची धास्ती न बाळगता लिहितो. राखीव जागांविषयी आपल्या घरांत काय बोलले जाते हे मला ठाऊक आहे. आमच्याही घरात तेच बोलले जाते. माझ्या पुतण्यास हवे ते कॉलेज थोडक्या गुणांनी मिळाले नाही, तेव्हा महिनाभर रात्रीच्या जेवणास दुसरा विषय नव्हता. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांस राखण्याचा हुकूम काढला, तेव्हापासून हे दुःख आपल्याकडे पिढीजात चालत आले आहे. धोरण कसे असावे ह्यावर मोठ्या माणसांनी अवश्य वाद घालावा. तो घालण्यास सभा आहेत, वर्तमानपत्रे आहेत. परंतु पानावर बसलेले दहा वर्षांचे मूल त्यातून धोरण शिकत नाही. ते एवढेच शिकते की, पुढे आपल्या शेजारच्या खाटेवर जी मुलगी येईल, ती कोणाची तरी जागा घेऊन बसलेली आहे. मग तिचे गुण आपल्याहून अधिक असले तरी पहिला प्रश्न 'रँक किती?' आणि दुसरा 'आडनाव काय?' आमच्या नातीने हे दोन्ही विचारले होते. ह्याच क्रमाने.

दसरा चौकातून परत येताना बसमध्ये मी तिला १९७२ सालची हकीकत सांगितली. ती माझ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत होती. उतरताना एवढेच म्हणाली, "तुम्ही, आजोबा?"

चौथ्या दिवशी दुपारची एस.टी. होती. त्याआधी पुन्हा वसतिगृहाशी गेलो. डब्यात चार लाडू शिल्लक ठेवले होते. दोघी आल्या. त्या मुलीने वही उघडली, तो मी म्हणालो, "पोरी, कागद नको. हात पुढे कर." ती नातीकडे पाहू लागली. नात खाली पाहत होती. क्षणभराने नातीने माझ्या हातातला डबा घेतला, आपणच लाडू काढला आणि तिच्या हातावर ठेवला. काही बोलणे झाले नाही. लोणच्याचे काय झाले, त्या दोघींत त्यावर पुढे काही बोलणे झाले किंवा कसे, हे मला माहीत नाही. तीन पोरी एका खोलीत राहतात, त्यांचे त्यांनी पाहावे. एका लाडवाने सहा महिन्यांचे विसरले जात असेल अशा भ्रमात मी नाही.

मी निघालो तशी ती मुलगी धावत आत गेली आणि एक स्टीलचा डबा घेऊन आली. "आजोबा, वाटेत खायला. काल गावाकडनं आल्यात भाकऱ्या. शेंगदाण्याची चटणी हाय संगट." मग किंचित घुटमळून, "आमच्यात तिखट जरा जास्त असतंय."

आंब्यास गाडी चहाला थांबली तेव्हा मी डबा उघडला. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, चटणी, आणि कागदात वेगळा बांधलेला गुळाचा खडा. तिखट खरोखरच जास्त होते. डोळ्यांत पाणी आले. समोरच्या बाकावरील गृहस्थांनी काळजीने पाण्याची बाटली पुढे केली. ती मी तोंड लावून प्यालो, वरून नव्हे, आणि मग त्यांची क्षमा मागितली. कारण ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने वाईटच.

घरी पोहोचलो तो दिवेलागण झाली होती. वहिनींनी पिशवी उपसली. "भावोजी, हा डबा कुणाचा?" मी सांगितले. लोणच्याचे सांगितले, कागदाचे सांगितले, आणि १९७२ सालचेही सांगितले, जे आजवर घरात कोणास ठाऊक नव्हते. दादा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. झोपाळा थांबला, पण ते काही बोलले नाहीत. वहिनी "बरं" म्हणाल्या, आणि डबा उचलून मागच्या पडवीत न्हाणीघराशेजारी ठेवून आल्या.

दोन दिवस तो तेथेच होता. सूनबाई त्यास हात लावीना; आणि मीही मुद्दामच लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहास स्वयंपाकघरात गेलो, तो डबा आमच्या डब्यांच्या ओळीत फळीवर घासून पालथा घातलेला. कोणी घासला ते मी विचारले नाही. महिनाअखेर नात दोन दिवसांसाठी घरी आली होती. ती परत जाण्यास निघाली तेव्हा वहिनी त्या डब्यात काहीतरी भरीत होत्या, आणि माझ्याकडे पाठ करून तिला विचारीत होत्या, "त्या मुलीला फणसपोळी आवडेल का गं? तिखट खाणारी माणसं ती."